फोन आला, तेव्हा उत्तर तयार होतं

२६ नोव्हेंबर २००८. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी नेहमीसारखी सीएसटीहून मुलुंडची गाडी पकडली. ऑफिस फोर्टात, घर मुलुंडला. बावीस वर्षांचा नेम होता तो. घरी येऊन कुकर लावला, जेवणं झाली, आणि रात्री बातम्या लागल्या. मी जिथून गाडी पकडली होती, त्याच स्टेशनात गोळ्या सुटल्या होत्या.

त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीच झोपलं नाही. सगळ्यांच्या घरी टीव्ही चालू. कोणाचा मुलगा उशिराच्या पाळीला, कोणाची सून हॉस्पिटलात नर्स. फोन लागत नव्हते. पहाटे एकच फोन लागला, तो अमेरिकेहून. आमची धाकटी नणंद न्यू जर्सीला असते. "वहिनी, दादा घरी आहे ना? तू घरी आहेस ना?" एवढंच विचारून ती रडायलाच लागली.

चार दिवसांनी, ताज हॉटेलमधली धुमश्चक्री संपल्यावर, तिचा पुन्हा फोन आला. आता आवाज जरा सावरलेला. म्हणाली, "अगं, इथल्या बातम्यांत तुमच्या मुंबईच्या एका इतिहासकार बाईंचं नाव वाचलं. शारदा द्विवेदी. ताजबद्दल, मुंबईबद्दल काही विचारायचं झालं की त्यांनाच विचारतात म्हणे. तू ओळखतेस का गं?"

मी म्हटलं, "नाही बाई. कोण या?"

फोन ठेवला आणि मनाला टोचलं. न्यू जर्सीत बसलेल्या माझ्या नणंदेला माझ्या शहरातल्या बाईचं नाव माहीत, आणि मी रोज त्या शहराच्या पोटातून ये-जा करते, मला ठाऊक नाही! त्या टोचणीतून मी त्यांची पुस्तकं शोधायला लागले.

ग्रंथालयातून शहराकडे

शारदा द्विवेदी यांचा जन्म १९४२ चा. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. इतिहासाच्या प्राध्यापक म्हणून त्या कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हत्या. पण ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की कागद कुठे असतो आणि तो कसा शोधायचा. जुने नकाशे, गॅझेटियर, छायाचित्रं, ट्रस्टची दप्तरं, घराघरांतले अल्बम यांच्यातून त्यांनी मुंबई जमा केली.

१९८४ मध्ये ब्रिटिश लेखक चार्ल्स ॲलन यांच्याबरोबर त्यांनी भारतीय संस्थानिकांवर पुस्तक केलं. १९९५ मध्ये वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्याबरोबर 'बॉम्बे : द सिटीज विदिन' हे मुंबईवरचं मोठं पुस्तक आलं. मग बाणगंगेवर, फोर्टातल्या रस्त्यांवर, पश्चिम रेल्वेवर, व्हिक्टोरिया टर्मिनसवर अशी एकामागून एक पुस्तकं येत राहिली. फोर्टावरचं पुस्तक तर हातात घेऊन चालत फिरण्यासाठीच केलेलं. या रस्त्यानं जा, इथे थांबा, वर बघा.

"वर बघा" हे मला फार लागलं. बावीस वर्षं मी त्याच रस्त्यांवरून गेले, पण मान खाली, पर्स छातीशी आणि डोळ्यांसमोर ६.३२ ची फास्ट!

ऐकीव गोष्ट आणि खरी गोष्ट

ताजचंच घ्या. लहानपणापासून आपण ऐकलेलं असतं, की जमशेटजी टाटांना गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला, म्हणून चिडून त्यांनी ताज बांधलं. दुसरी गोष्ट त्याहून चुरचुरीत. म्हणे इमारत उलटी बांधली गेली, पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं, म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला. टॅक्सीवाल्यांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे हेच सांगतात. मीही माझ्या मुलाला हेच सांगितलं होतं.

हल्ल्यानंतर लगेच, डिसेंबर २००८ मध्ये, चार्ल्स ॲलन यांनी लंडनच्या 'गार्डियन'मध्ये ताजवर लेख लिहिला. पुढे त्यांचं आणि द्विवेदी यांचं ताजवरचं पुस्तकही आलं. जमशेटजींनी सूड म्हणून एवढं हॉटेल बांधलं हे पटण्यासारखं नाही, असं ॲलन यांचं म्हणणं. आणि काळ आठवा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला होता, माणसं शहर सोडून पळत होती. अशा वेळी एका माणसानं समुद्रकाठी एवढा पैसा ओतायचा म्हणजे या शहरावर केवढा विश्वास! १६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं. समोरचं गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतंच, ते १९२४ मध्ये खुलं झालं.

आणि आर्किटेक्ट? एक होते सीताराम खंडेराव वैद्य, आपला मराठी माणूस. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच वारले. नंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं काम पुरं केलं. उलटं-बिलटं काही झालेलं नव्हतं. जुनं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, आताचं समुद्राच्या बाजूला आहे, इतकंच.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? गोष्ट चांगली होती, राहू द्यायची की! पण बघा, त्या चुरचुरीत गोष्टीत वैद्यांचं नाव कुठे येतं? नुसताच 'तो आर्किटेक्ट' येतो, तोही चुकला म्हणून मेलेला. ज्यानं आयुष्याचं काम त्या इमारतीत ओतलं त्याच्यावर केवढा अन्याय. ऐकीव गोष्टीत माणसं अशीच बिननावाची होऊन जातात. इतिहासकार त्यांना त्यांचं नाव परत देतो.

कॅमेरे ताजकडे, माणसं स्टेशनात

आता मनातलं एक सांगते. त्या चार दिवसांत जगभरचे कॅमेरे ताजच्या घुमटाकडे लागलेले होते. घुमटातून निघणारा धूर लंडन-न्यूयॉर्कच्या पडद्यावर दिसत होता. ते साहजिकही होतं, तिथे शेवटपर्यंत चकमक चालू होती आणि परदेशी पाहुणे अडकले होते. पण सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये पन्नासहून जास्त माणसं मेली, त्यांच्या वाट्याला काय आलं? गावी निघालेली, बोचकी-पिशव्या घेऊन जमिनीवर बसलेली माणसं. निवेदक विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता माइकवरून सूचना दिल्या, म्हणून कितीतरी लोक वाचले. नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे.

मला वाटलं, या इतिहासकार बाईंनाही सगळे ताजबद्दलच विचारणार. स्टेशनबद्दल कोण विचारतंय? पण त्यांच्या पुस्तकांची यादी बघितली आणि थक्क झाले. ताजवरचं पुस्तक आलं ते हल्ल्यानंतर. आपल्या स्टेशनवरचं पुस्तक मात्र त्यांनी आणि मेहरोत्रा यांनी २००६ मध्येच, म्हणजे हल्ल्याच्या दोन वर्षं आधी, करून ठेवलं होतं!

स्टेशनच्या फाटकावरचे दोन दगडी प्राणी तुम्ही कधी मुंबईला आलात तर जरूर पाहा. एक सिंह, एक वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. भिंतींवर पानं-फुलं, मोर, खारी, चित्रविचित्र तोंडं कोरलेली आहेत. त्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेतल्या आपल्याच मुलांचा हात होता. १८७८ मध्ये सुरू झालेलं हे काम दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये युनेस्कोनं या स्टेशनाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. १९९६ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं होतं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्दही आला.

जगाच्या बातमीत कशाला किती जागा मिळेल ते इतिहासकाराच्या हातात नसतं. काय लिहून ठेवायचं, ते मात्र असतं.

वजन कशाचं?

इतिहासकाराचं समाजात वजन असतं म्हणजे नक्की काय? टीव्हीवर दिसणं? परदेशी वार्ताहरानं फोन करणं? मला वाटतं ते नंतरचं.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींची नियमावली आली. आपल्या देशात एखाद्या शहरानं असे नियम करण्याची ती पहिलीच वेळ. सहाशेहून अधिक वास्तूंची यादी झाली. त्यांना हात लावायचा तर आधी समितीचं मत घ्यायचं. या वारसा समितीवर द्विवेदी यांनी काम केलं. हे काम काही गोड नव्हे. मालक म्हणतो, माझी जागा, मी का पाडू नये? भाडेकरू म्हणतो, तुमचा वारसा तुम्हाला लखलाभ, माझ्या छपरातून पाणी गळतंय! दोघांचंही चूक म्हणता येत नाही. अशा वेळी 'जुनं ते सोनं' म्हणून भागत नाही. ही इमारत कोणी बांधली, कधी, कशासाठी, तिच्यात काय घडलं, याचा कागद टेबलावर ठेवावा लागतो.

दुसरं उदाहरण आर्ट डेकोचं. मरीन ड्राइव्हच्या गोल गच्च्यांच्या इमारती, इरॉस, रीगल थिएटर ही सगळी १९३० च्या आसपासची बांधणी. सिनेमात आपण शंभरदा पाहिलेली. पण 'वारसा' म्हटलं की आपल्याला किल्ला किंवा देऊळच आठवतं. राहायच्या बिल्डिंगला कोण वारसा म्हणणार? द्विवेदी आणि मेहरोत्रा यांचं 'बॉम्बे डेको' हे पुस्तक २००८ मध्ये आलं. आणि ३० जून २०१८ ला मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादीत गेला. त्यामागे रहिवासी, वास्तुविशारद, संस्था अशा खूप जणांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. त्यातली एक वीट या पुस्तकाची. बातमी जगभर गेली, पण ती बघायला द्विवेदी नव्हत्या. ६ फेब्रुवारी २०१२ ला त्या गेल्या.

आणि आमची उपनगरं?

आता एक तक्रारही करते. त्यांची पुस्तकं इंग्रजीत, मोठ्या आकाराची आणि महाग. आमच्यासारख्यांनी ती ग्रंथालयातच बघायची. आणि त्यातली मुंबई बरीचशी दक्षिणेकडची. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर म्हणजे नुसती झोपायला यायची गावं असंच आम्हालाही वाटायला लागलेलं असतं.

मराठीत शहराचं वर्णन करण्याची परंपरा नाही असं मुळीच नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचं. पण तेव्हा ही उपनगरं मुंबईत कुठे होती? ती साष्टी बेटावरची गावं. मुंबईहून वांद्र्याला यायचं तर खाडी. होड्यांतून जायचं, जीव मुठीत धरून. तिथे बांध हवा म्हणून पैसे दिले ते जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी. १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला. आज रोज लाखो बायका माहीम-वांद्रे पार करतात. त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल, की या खाडीवरचा पहिला रस्ता एका बाईच्या पैशातून झाला?

मग आली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, ती आमच्या घाटकोपर-मुलुंडच्या रानातूनच गेली. पश्चिमेला १८६७ मध्ये विरारहून गाडी सुरू झाली, १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची. पश्चिम रेल्वेच्या या लोकलवर आणि तिच्या चर्चगेटच्या कचेरीवर द्विवेदी आणि मेहरोत्रा यांचं एक अख्खं पुस्तक आहे. माझ्या दृष्टीनं तेच उपनगराचं पुस्तक. कारण आमचा इतिहास रुळांच्या कडेकडेनं वाढलाय. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त बायकांची लोकल धावली, तोही इतिहासच की!

आणि जुनं म्हणाल तर बोरिवलीइतकं जुनं दक्षिण मुंबईत काय आहे? कान्हेरीची लेणी! शंभरावर लेणी, जवळजवळ हजार वर्षं नांदती असलेली. तिथले शिलालेख वाचले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या डॉ. शोभना गोखले यांनी. 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स' हा त्यांचा ग्रंथ १९९१ चा. त्या लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे लोक. त्यांत भिक्षुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या बायका आहेत. कोणी पाण्याचं टाकं दिलं, कोणी खोली खोदवली. सहलीला गेलं की आपण लेण्यांपुढे बसून वडापाव खातो आणि माकडं हाकलतो. पण डोक्यावरच्या दगडात अठराशे वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव असतं. डॉ. गोखले २०१३ मध्ये गेल्या. त्यांचं नाव टीव्हीवर फारसं आलं नाही. पण कान्हेरीचा अभ्यास करायचा म्हटलं, तर त्यांचा ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझ्या हातून गेलेली वही

हे सगळं वाचून मी शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगते, चूक माझ्याच हातून झाली.

आमची जुनी बिल्डिंग २०१४ मध्ये पुनर्विकासाला गेली. दीड महिन्यात घर रिकामं करायचं होतं. माळ्यावर सासूबाईंची पत्र्याची ट्रंक होती. त्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ट्रंकेत पत्रं, रेशनकार्डं, लग्नपत्रिका आणि हिशेबाच्या वह्या. त्यांची रोज हिशेब लिहायची सवय, बारीक मोडीवळणी अक्षर. मी दोन पानं चाळली. दळण, रॉकेल, कोणाच्या बारशाचा खण... मनात म्हटलं, काय करायचंय हे? भाड्याच्या घरात कुठे ठेवू? आणि सगळं रद्दीवाल्याला दिलं. किलोच्या भावानं.

चारेक वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून पुन्हा फोन आला. या वेळी नणंदेच्या मुलीचा. "मामी, मला आजीबद्दल लिहायचंय. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. ती मुंबईत कधी आली? तेव्हा तिकडे कसं होतं?"

मी सांगायला लागले. आजी १९५६ मध्ये लग्न होऊन मुलुंडला आली. तेव्हा मुलुंड मुंबई महापालिकेत नव्हतंच, ते १९५७ मध्ये आलं. म्हणून तर त्या शेवटपर्यंत फोर्टात जायचं म्हटलं की "मुंबईला जाऊन येते" म्हणायच्या. पोरगी खूश. मग तिनं विचारलं, "घरात पाणी कुठून यायचं? भाजी कुठून? शेजारी कोण होतं? तिला दिवसाला किती पैसे मिळायचे?"

या सगळ्याची उत्तरं त्या वहीत होती. मुलुंड मुंबईत येण्याआधीचं मुलुंड, एका बाईनं रोज रात्री चार ओळी लिहून ठेवलेलं. आणि ते मी विकून टाकलं होतं. मी गप्प झाले. ती पोर म्हणाली, "मामी, लाइन गेली का?"

द्विवेदींना लोकांनी विचारलं तेव्हा त्यांच्याकडे उत्तर होतं, कारण वीस-पंचवीस वर्षं त्या कागद गोळा करत होत्या. मला घरातल्याच मुलीनं विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही एवढं करा

म्हणून मैत्रिणींनो, मोठं काही करू नका. तुमच्या गावात जागतिक वारसा नसेल, पण वेस असेल, आड असेल, गिरणी असेल, पहिली मुलींची शाळा असेल. आणि त्या पाहिलेली एखादी आजी असेल.

घरातले जुने फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं लिहा. पेनानं नको, शाई पुढे उमटते. साल नक्की माहीत नसेल तर 'धाकट्याच्या बारशाआधी' असं लिहिलं तरी चालेल. बाईचं नाव लिहिताना माहेरचंही लिहा, नाहीतर ती फोटोत नुसतीच 'काकू' होऊन बसते.

आजीला "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारू नका, ती म्हणेल "बरं होतं". पाणी कुठून आणायचात, पहिली कमाई किती, पहिल्यांदा एकटी बसनं कुठे गेलात, हे विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तिची परवानगी घ्या. एखादी गोष्ट ती सांगू म्हणेल, पण लिहू नको म्हणेल. ते पाळा.

घर बदलताना, वाटण्या होताना, पत्र्याची ट्रंक शेवटी उघडू नका. आधी उघडा.

आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक आजी आहेत. नव्वदीच्या घरात. जन्मापासून मुलुंडमध्येच. दर गुरुवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्याकडे जाते. गेल्या गुरुवारी त्यांनी स्टेशनाबाहेरच्या टांग्यांचा थांबा कुठे होता ते सांगितलं, टांगेवाल्यांची नावंसुद्धा. दोन नावं आठवेनात. म्हणाल्या, "पुढच्या वेळी ये, तोवर आठवतील."